नभोवाणीवरील आपबीती आणि जॅझ

नभोवाणीचे दिवस संपले, असें आज पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात. ज्याच्या त्याच्या हातांत मोबाइल आहे, त्यावर हवें तें गाणें हव्या त्या घटकेस मिळतें, मग ठराविक वेळीं ठराविक केंद्र लावून बसण्याचें प्रयोजन काय, असा त्यांचा सवाल असतो. सवाल गैर नाहीं. पण मनुष्यास काय ऐकावयाचें आहे हें त्यास आधींच ठाऊक असतें, असें त्यांत गृहीत धरलेलें आहे. हें गृहीत आम्हांस मान्य नाहीं. जें मुलांस ठाऊक नाहीं तें त्यांच्या कानांवर घालण्यासाठीं शाळा असते, आणि गांवच्या सार्वजनिक नभोवाणी केंद्राचें कामही बरेंचसें तसलेंच आहे. मोबाइल आपणांस आपल्याच आवडीची गोष्ट पुनःपुन्हा आणून देतो. केंद्र शेजाऱ्याची गोष्ट आणून देऊं शकतें. या विचारानें आपल्या नागपूर केंद्राविषयीं एक सूचना आम्ही येथें मांडीत आहों.

सूचना अशी कीं, केंद्रानें आठवड्यांतून एका संध्याकाळीं एक तास राखून ठेवावा. त्यांतील पहिला अर्धा तास या शहरांतील अथवा आसपासच्या जिल्ह्यांतील एखाद्या साध्या मनुष्यानें आपल्या आयुष्यांतील हकीकत आपल्या बोलींत सांगावी. दुसऱ्या अर्ध्या तासांत जॅझ संगीत वाजवावें, आणि तें वाजविणारा कोण, कोठला, कसा शिकला, हेंही सांगावें. कांहीं स्नेह्यांजवळ आम्हीं ही गोष्ट काढली तेव्हां आपबीतीचा भाग सर्वांस पटला. जॅझचें नांव निघतांच मात्र हंशा पिकला. "सर, नागपुरांत जॅझ कोण ऐकणार? आणि आजोबांच्या आठवणींचा नि त्या परदेशी पिपाण्यांचा संबंध तो काय?" असें एका गृहस्थांनीं विचारलें. संबंध आहे, व तो बराच जवळचा आहे.

प्रथम केंद्राविषयीं दोन शब्द. इंग्रज गेले तेव्हां भारताच्या वांट्यास ऑल इंडिया रेडिओचीं अवघीं सहा केंद्रें आलीं: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली व लखनौ. त्यानंतर वर्षभरांतच, १६ जुलै १९४८ रोजीं, नागपूरचें केंद्र सुरू झालें. नागपूर त्या वेळीं मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होतें, आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषा येथें एका अंगणांत नांदत होत्या. पुढें १९८८ सालीं आकाशवाणीची रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तीही मुख्यतः नागपूरच्या एक हजार किलोवॅट शक्तीच्या क्षेपणयंत्रावरून देशभर पोंचत असे. जागरण करणाऱ्या कितीएकांची ती सोबत होती. २०१९ सालीं ती वाहिनी बंद करण्यांत आली. आपल्या शहरांतून उभ्या देशास रात्रीं हांक जात होती, ही गोष्ट आज आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

आपबीती व जॅझ हीं दोन्ही एकाच सार्वजनिक केंद्रावर सुखानें राहूं शकतात, याचा दाखला अमेरिकेंत मिळतो. तेथें १९६७ सालीं सार्वजनिक ध्वनिक्षेपणाचा कायदा झाला, आणि गांवोगांवच्या, पुष्कळदां एखाद्या महाविद्यालयाच्या आश्रयानें चालणाऱ्या, लहान केंद्रांस सरकारी साहाय्य मिळूं लागलें. न्यूअर्क येथील डब्ल्यूबीजीओ हें केंद्र १९७९ पासून मुख्यतः जॅझ वाजवीत आलें आहे. इतरही अनेक केंद्रांवर सकाळीं बातम्या व रात्रीं जॅझ असा परिपाठ आहे. आपबीतीची गोष्ट त्याहूनही मनोरंजक आहे. २००३ सालीं न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांत स्टोरीकोअर नांवाच्या संस्थेनें एक लहानशी खोली उभारली. अशा खोलींत एकमेकांस ओळखणारीं दोन माणसें समोरासमोर बसतात, मग तीं आई व मुलगी असोत, नवराबायको असोत, कीं एका कारखान्यांतले दोन जुने सोबती असोत. चाळीस मिनिटें एकानें विचारावें व दुसऱ्यानें सांगावें, एवढाच विधि. त्यांतून निवडलेला कांहीं मिनिटांचा भाग दर शुक्रवारीं सकाळीं नभोवाणीवरून ऐकवितात, आणि संमति असल्यास मूळ ध्वनिमुद्रण तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत कायमचें ठेवितात. वॉशिंग्टन, लिंकन यांचे कागद ज्या घरांत आहेत त्याच घरांत एखाद्या भंग्याचा अथवा परिचारिकेचा आवाज जतन व्हावा, ही कल्पना आम्हांस फार थोर वाटते. तेथेंही हें सारें सुखासुखीं चाललें आहे असें मात्र नव्हे. जुलै २०२५ मध्यें तेथील काँग्रेसनें सार्वजनिक ध्वनिक्षेपणासाठीं मंजूर झालेले सुमारें ११० कोटी डॉलर रद्द केले, आणि तेव्हांपासून लहान केंद्रांची भिस्त श्रोत्यांच्या वर्गणीवर अधिकच आली आहे.

आतां जॅझकडे वळूं. "हें संगीत आपलें नव्हे" हा आक्षेप ऐकावयास बरा वाटतो, पण इतिहास त्याच्या उलट आहे. १९३५ सालीं लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. त्याच्या पाठोपाठ कॉर्नेट वाजविणारा क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड हे आले. (वेदरफर्ड पुढें कलकत्त्यास राहिला आणि १९४५ सालीं तेथेंच पटकीनें वारला.) यांचें वाजविणें कान देऊन ज्यांनीं ऐकलें व उचललें ते तरुण बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती होते. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि, गायन व व्हायोलिन शिकविण्याची चाल पोर्तुगीज अमदानींत पडली होती. कागदावर लिहिलेलें संगीत वाचून वाजविणारा एक वर्गच त्या लहानशा प्रदेशांत तयार झाला होता, आणि शेतांत भागेना म्हणून हीं मुलें वाद्यें घेऊन मुंबई, कलकत्ता, कराची अशा दूरदूरच्या शहरांत गेलीं.

यांपैकीं एकाचें नांव आंतोनियो झेवियर वाझ. बार्देशांतील हळदोणें या गांवीं १९१६ सालीं तो जन्मला. ट्रंपेट वाजविण्यांत त्याची ढब लुई आर्मस्ट्राँगची, म्हणून लोक त्यास हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. त्यानें स्वतः मात्र 'चिक चॉकलेट' हें नांव घेतलें होतें. रात्रीं हॉटेलांत जॅझ व दिवसां चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालयांत काम, असा त्याचा दिनक्रम असे. ज्या संगीतकाराच्या हाताखालीं त्यानें विशेष काम केलें ते सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे राम चितळकर. आणि येथेंच आपलें शहर या कथेंत येतें. चितळकर नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याजवळ गाणें शिकले होते. वसंतराव देशपांडे हेही सप्र्यांचेच शिष्य. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत चितळकरांच्या चाली व चिक चॉकलेटचा ताफा एकत्र आले, आणि तो ताफा पडद्यावरही दिसतो. त्या चित्रपटाचीं गाणीं आजही आमच्या इकडे वरातींत वाजतात. त्यांचा एक पाय नागपुरांत सप्र्यांच्या वर्गांत आहे व दुसरा गोव्यांतल्या चर्चच्या शाळेंत. असें असतां जॅझ हें परक्याचें लेंकरूं कसें म्हणावें?

दुसरें उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. 'अमर अकबर अँथनी' या १९७७ च्या चित्रपटांतील एका गाण्यामुळें अँथनी गोन्साल्विस हें नांव हिंदुस्थानांतील शेंबड्या पोरासही पाठ आहे. पण हा गृहस्थ खराच होता, हें कितीजणांस ठाऊक आहे? गोव्यांतील माजोर्डें येथें १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक व मोठे संगीतसंयोजक. संगीतकार प्यारेलाल लहानपणीं त्यांच्याजवळ व्हायोलिन शिकले, आणि त्या गुरुऋणाची आठवण म्हणूनच तें नांव गाण्यांत घातलें गेलें. १९५८ सालीं मुंबईस सेंट झेवियर कॉलेजच्या चौकांत गोन्साल्विसांनीं भारतीय राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारी मैफल केली होती. तींत लता मंगेशकर व मन्ना डे यांनीं गाइलें. १९६५ च्या सुमारास ते अभ्यासासाठीं अमेरिकेस गेले, आणि पुढें परत येऊन गोव्यांत निवांत राहिले. २०१२ सालीं त्यांचें निधन झालें. नांव जगभर व मनुष्य अज्ञात, असा हा प्रकार. त्यांच्या तोंडची हकीकत आठवड्यास अर्धा तास याप्रमाणें कोणी नभोवाणीवर घेतली असती, तर आपल्या चित्रपटसंगीताच्या इतिहासाचें केवढें तरी प्रकरण हातीं लागलें असतें!

चित्रपटगीतांचें कार्य कसें चालत असे हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. ती चाल चाळीस-पन्नास वादकांत कशी वांटावयाची, व्हायोलिनांनीं कोठें यावें, ट्रंपेटनें कोठें फुंकर घालावी, हें सारें संयोजक कागदावर स्वरलिपींत लिहून काढी, आणि वादक तें वाचून वाजवीत. शंकर-जयकिशन यांच्याकडे हें काम पुष्कळ वर्षें सेबास्टियन डिसूझा यांनीं केलें. ध्वनिमुद्रिकेवर नांव मात्र संगीतकाराचें, कवीचें व गायकाचें. नभोवाणीवरही निवेदक हींच तीन नांवें सांगत आला आहे. वादकास दिवसाची मजुरी मिळे, ती घेऊन तो घरीं जाई. मजुरी चुकती झाली म्हणजे हिशेब मिटला असें व्यवहार म्हणतो. पण आमच्या मतें नांव घेणें हाही हिशेबाचाच भाग आहे, आणि सार्वजनिक केंद्रानें तरी तो बाकी ठेवूं नये.

नागपुरास हे सूर कांहीं अनोळखी नाहींत. लग्नसराईंत रस्त्यावर उभें राहावें: क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, मोठा ढोल, कधीं कधीं सॅक्सोफोनही. इंग्रजी पलटणींच्या बँडांवरून आपले लग्नाचे बँड निघाले, आणि आपल्या शेजारच्या कामठीस तर १८२१ पासून छावणी आहे. अमेरिकेंत न्यू ऑर्लिअन्स शहरीं जॅझचा जन्म झाला तोही अशाच रस्त्यावरच्या बँडांच्या घरीं. तेथील बँड प्रेतयात्रेसही जातो; स्मशानापर्यंत संथ भजनें वाजवितो व परततांना नाचरे सूर धरतो. आपल्याकडे वरातीपुढचा बँडवाला रात्रीं घोड्यापुढें घाम गाळतो, पण त्यास नांवानें हांक मारणारा त्या गर्दींत एकही नसतो. (हल्लीं तर त्यास डीजेच्या भिंतींनीं रस्त्यावरूनच हुसकून लाविलें आहे, तो विषय वेगळा.)

जॅझ म्हणजे काय, हें ज्यांनीं कधीं ऐकलें नाहीं त्यांस थोडक्यांत सांगूं. एक चाल ठरलेली असते. ती सर्वांनीं मिळून एकदां वाजविली कीं मग प्रत्येक वादकाची पाळी येते. पाळी आली कीं त्यानें त्याच चालीच्या आधारें, पण स्वतःच्या मनानें, त्या क्षणीं सुचेल तें वाजवावें. इतरांनीं ठेका व सूर धरून त्यास सांभाळावें. मग दुसऱ्याची पाळी. आपल्या ख्यालांत बंदिश ठरलेली व विस्तार गायकाचा असतो, त्याचीच ही एक बहीण म्हणावी. भेद इतकाच कीं येथें साथीदारासही आपलें म्हणणें मांडण्याची संधि हक्कानें मिळते. मुलांच्या वर्गांत ज्यानें कधीं 'आतां तूं सांग' असें म्हटलें आहे त्या शिक्षकास या संगीताची रीत समजावयास अडचण पडूं नये.

ही रीत ज्यांनीं घडविली ते कालपरवांपर्यंत गुलाम असलेल्या लोकांचे वंशज होते. त्यांस मालकांच्या राज्यांत स्वतःची कथा सांगण्याची मुभा नव्हती. शेतांतलीं गाणीं, चर्चमधलीं स्तोत्रें व रस्त्यावरचे बँड यांतून तिला वाट मिळाली. महाराष्ट्रास या लोकांविषयीं पूर्वींपासून जिव्हाळा आहे. जोतिराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें तें गुलामांस मुक्त करण्याच्या कामीं झटलेल्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस. लुई आर्मस्ट्राँगची हकीकतही आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचावी अशी आहे. १९१२ च्या अखेरच्या रात्रीं, अकरा वर्षांचा असतांना, रस्त्यांत पिस्तुलाचा बार काढल्याबद्दल त्यास धरून नेलें व अनाथ आणि उनाड मुलांच्या सुधारगृहांत टाकलें. तेथील पीटर डेव्हिस नांवाच्या शिक्षकानें त्याच्या हातीं कॉर्नेट दिलें. त्या मुलानें पुढें जगाचें संगीत बदललें, आणि १९५४ सालीं आपल्या बालपणाची कहाणी स्वतःच्या शब्दांत लिहून छापली. आपबीती व जॅझ यांचा संबंध विचारणाऱ्या आमच्या स्नेह्यानें त्या पुस्तकाचीं पहिलीं वीस पानें वाचावीं, इतकेंच आम्ही म्हणूं.

कोणतें संगीत आपलें व कोणतें परकें, हें केंद्राच्या कचेरींत बसून ठरविण्याचा प्रयत्न पूर्वीं दोनदां झाला आहे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली. तिचे सूर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत व ती विलायती आहे, हें कारण. बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. तेवढ्या काळांत गांवांतलें भजन, नाटकांतलें पद, शाळेंतली प्रार्थना व चर्चमधील उपासना हीं सारीं पेटीवरच चाललीं होतीं. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीखात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताची त्यांनीं मोठी सेवा केली, हें कोणीही नाकारणार नाहीं; पण चित्रपटगीतांस त्यांनीं जवळजवळ दाराबाहेर काढलें. श्रोते मुकाट्यानें उठून सिलोन केंद्राकडे गेले व अमीन सायानींची गीतमाला ऐकूं लागले. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू करून सरकारनें त्यांस परत बोलाविलें. कान हा असा आहे. त्यास हुकूम चालत नाहीं, ओळख करून दिलेली चालते. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवरून विलिस कोनोव्हर हे रोज रात्रीं जॅझ वाजवीत, तेव्हां आपल्या देशांतही लघुलहरींवर तें ऐकणारे होते. १९५८ सालीं डेव्ह ब्रुबेक व १९६३ सालीं ड्यूक एलिंग्टन भारतांत वाजवून गेले. १९७८ सालीं मुंबईंत जॅझ यात्रा हा उत्सव सुरू झाला. ओळख नसेल तर ती आपल्या अंगणापुरतीच नाहीं, इतकेंच.

आतां आपबीतीविषयीं. मराठींत या प्रकारांतील शिरोमणि कोणता, असें विचारल्यास आम्ही क्षणाचाही विलंब न लावितां लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' असें उत्तर देऊं. १९३४ ते १९३६ या काळांत तीं चार भागांत निघालीं. रीतसर शाळा न शिकलेल्या या बाईंनीं आपल्या संसाराचे हाल, हट्ट, विनोद, वियोग व धर्मांतर असे सांगितले आहेत कीं ओट्यावर बसून त्या आपल्याशींच बोलत आहेत असा भास होतो. त्यांत पांडित्याचा लवलेश नाहीं, आणि म्हणूनच पंडितांनाही तीं सोडवत नाहींत. तीं चित्रें मूळ बोलण्याचींच आहेत; लेखणी मागाहून आली. नागपूरच्या कुमुद पावडे यांनीं 'अंतःस्फोट' या १९८१ च्या पुस्तकांत दलित घरांतल्या मुलीनें संस्कृत शिकणें व शिकविणें म्हणजे काय असतें तें सांगितलें. कौसल्या बैसंत्री यांनीं 'दोहरा अभिशाप' हें आत्मकथन १९९९ सालीं हिंदींत छापलें. त्यांत नागपूरच्या वस्तींतलें बालपण आहे आणि एम्प्रेस मिलमध्यें राबणारी आई आहे.

परंतु पुस्तक लिहिणें सर्वांस साधत नाहीं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली व २००२ सालीं कायमची बंद झाली. सव्वाशें वर्षें या शहराची पहांट तिच्या भोंग्यानें झाली. तेथील साच्यांवर उभे राहिलेले लोक आतां म्हातारे होत चालले आहेत. गांधीबागेपासून गोळीबार चौकापर्यंत हातमागावर बसलेले कोष्टी, छत्तीसगढांतून बांधकामावर आलेले मजूर, अजनीच्या रेल्वे वसाहतींत जन्म काढलेलीं कुटुंबें, भंडाऱ्याकडच्या विड्या वळणाऱ्या बाया, काटोलचे संत्र्यांचे बागवान, गडचिरोलींतून शिकावयास आलेला पहिल्या पिढीचा गोंड विद्यार्थी: यांच्यापाशीं सांगण्यासारखें जें आहे तें कागदावर यावयास आणखी एक पिढी जाईल, आणि तोंवर सांगणारा राहणार नाहीं. आवाजाला मात्र अक्षराची गरज नाहीं. वऱ्हाडीचा हेल, झाडी बोलीचा गोडवा, गोंडींतून मराठींत येतांना होणारी जिभेची ओढाताण, आणि बोलतां बोलतां मनुष्य मध्येंच थांबतो ती शांतता, हीं छापतां येत नाहींत. नभोवाणीस हीं फुकट मिळतात.

हें आपल्याकडे होऊं शकत नाहीं असें कोणी म्हणूं नये. सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालली आहे. त्याच वर्षीं तेलंगणांत जहीराबादेजवळ दलित स्त्रियांनीं संघम रेडिओ सुरू केला, आणि तेथें सांगणारी, मुद्रण करणारी व ऐकणारी एकाच गांवची असते. सामुदायिक केंद्राचा पल्ला थोड्या मैलांचा. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचा पल्ला सारा विदर्भ. शिवाय आज मोबाइलवर 'न्यूज ऑन एअर' मधून तें केंद्र पुण्या-मुंबईंतही, किंबहुना परदेशींही ऐकतां येतें. नभोवाणी मोबाइलनें मारिली म्हणणारांनीं याचाही विचार करावा.

धोका दुसरीकडूनच आहे. राजधानींत अथवा मुंबईंत एक कार्यक्रम तयार करून सर्व केंद्रांवरून तोच सोडणें स्वस्त पडतें. जेथें स्वस्त पडतें तेथें स्थानिक कार्यक्रमाचे तास सर्वांआधीं कापले जातात. जून २०२३ मध्यें पुणें केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलविण्याचा निर्णय झाला होता. लोकांनीं विरोध केला, तेव्हां तो स्थगित झाला. श्रोते बोलले तर ऐकलें जातें, असा याचा अर्थ आम्ही घेतों. जो तास कोणी मागत नाहीं तो तास राहत नाहीं.

कार्यक्रम करावयाचा तर कसा, याविषयींही आमचीं कांहीं मतें आहेत. सांगणारानें भाषण लिहून आणूं नये. लिहिलेलें वाचावयास लागतांच साधा मनुष्य पुढाऱ्यासारखा बोलूं लागतो. समोर त्याच्या ओळखीचें माणूस बसवावें, निवेदकानें दूर राहावें. दुःखाच्या प्रसंगीं मागें सारंगीचे करुण सूर सोडण्याची जी खोड वाहिन्यांस जडली आहे ती येथें कटाक्षानें टाळावी. ऐकणारास केव्हां रडावयाचें तें कळतें. घरांतल्या भांडणांत तिसऱ्याचें नांव घेऊन त्याची अब्रू काढूं देऊं नये. स्वतःची थोरवी गाणारा मनुष्य आला तर त्यासही बोलूं द्यावें, अर्ध्या तासांत तो आपोआप उघडा पडतो. आणि सांगून झाल्यावर तो जर म्हणाला कीं "हें लावूं नका," तर ती फीत त्याच्या हवालीं करावी, त्यांत वाद नको.

जॅझच्या बाबतींतही पथ्य एवढेंच कीं तें बोलण्याच्या पाठीमागें पडद्यासारखें टांगूं नये. तें स्वतंत्र वाजवावें, वादकांचीं नांवें वाद्यासह सांगावीं, आणि निदान आरंभींचे महिने गोव्याच्या व मुंबईच्या वादकांपासून सुरुवात करून मग न्यू ऑर्लिअन्सला जावें. घरच्या माणसाचें बोट धरून गेलें म्हणजे परकें गांव परकें वाटत नाहीं. रात्रीं साडेनऊची वेळ बरी. तोंवर मुलांचा अभ्यास आटोपलेला असतो.

पहिल्या संध्याकाळीं कोणास बोलवावें, असें केंद्रानें आम्हांस विचारलें तर आमचें उत्तर तयार आहे. महाल, इतवारी कीं मोमीनपुरा येथील एखाद्या बँड पार्टींत चाळीस वर्षें क्लॅरिनेट फुंकून आतां दम्यामुळें घरीं बसलेला एखादा वृद्ध वादक शोधावा. तो कोणाजवळ शिकला, पहिली सुपारी केवढ्याची होती, पावसाळ्यांत लग्नें नसत तेव्हां चूल कशी पेटली, कोणतें गाणें वाजवून वाजवून त्यास नकोसें झालें, हें त्याच्या नातवानें त्यास विचारावें. त्याचें बोलणें संपलें कीं चिक चॉकलेटची एक ध्वनिमुद्रिका लावावी, आणि ती ऐकून म्हाताऱ्यानें काय अभिप्राय दिला तोही तसाच ऐकवावा.

ही मागणी आमच्या नववीच्या वर्गानें सिव्हिल लाइन्स येथील केंद्राच्या संचालकांस पत्रानें कळवावयाचें ठरविलें आहे. मसुदा ग्रंथालयाच्या दारालगतच्या फळ्यावर लाविला आहे. सहीसाठीं खालीं जागा सोडली असून माजी विद्यार्थ्यांसही ती मोकळी आहे. ज्यांच्या घरीं अथवा शेजारीं सांगण्यास राजी असलेलें कोणी वडील माणूस असेल, त्यांनीं सहीपुढें त्या माणसाचा धंदा व बोली तेवढी लिहावी.